बाबांच्या कॅसेटमधला रॉक पोरांच्या हाती कसा लागला

गोव्यात राहून ‘क्लासिक रॉक परत आला’ असं म्हणणं जरा विनोदीच आहे. इथून तो गेला होता कधी? हंगामात बागा-कळंगुटपासून पाळोळेपर्यंत कुठल्याही शॅकवर संध्याकाळी जाऊन बसा. तासाभरात गिटार, बास आणि ड्रमसेट मांडला जातो, पन्नाशी उलटलेला गायक माईक चाचपतो आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या त्याच पंधरा-वीस गाण्यांची उजळणी सुरू होते. पर्यटक बदलले, बिअरचे भाव बदलले, गाण्यांची यादी तीच राहिली. एवढं ऐकून इथल्या पोरांना या संगीताचा वीट यायला हवा होता.

झालंय उलटंच. आमच्या फोंड्यात गाण्याशी पिढीजात संबंध म्हणजे देवळातलं भजन, जत्रेतलं नाटक आणि चवथीची घुमट आरती. त्याच फोंड्यातली विशीतली पोरं आज लॅपटॉपवर ठेका लावायचं सोडून सत्तरच्या दशकाच्या धाटणीची स्वतःची गाणी बांधताहेत. माझा भाचा त्यातलाच एक. त्याचे बाबा ज्या कॅसेटी पावसाळ्यात बुरशी येते म्हणून तांदळाच्या डब्याशेजारी ठेवायचे, त्यातलंच संगीत तो आता फोनवर ऐकतो आणि खोलीत बसून त्याचे तुकडे सुटे करून बघतो.

जगभर हेच चाललंय. अमेरिकेत मिशिगन राज्यात फ्रँकेनमुथ नावाचं जेमतेम पाच हजार वस्तीचं गाव आहे. तिथल्या तीन सख्ख्या भावांनी एका मित्राला घेऊन २०१२ मध्ये ‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’ हा बँड काढला आणि २०१९ मध्ये सर्वोत्कृष्ट रॉक अल्बमचं ग्रॅमी घेतलं. कॅलिफोर्नियातल्या ‘रायव्हल सन्स’ला ‘ब्लॅक सॅबथ’ने आपल्या निरोपाच्या दौऱ्यात आधी वाजवायला बरोबर नेलं. इटलीच्या ‘मोनेस्किन’ने २०२१ मध्ये युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकली, तीही चक्क गिटारच्या जोरावर. आपल्याकडे गंगटोकचा ‘गिरीश अँड द क्रॉनिकल्स’ ऐका. डोळे मिटले तर हा बँड सिक्कीमचा आहे यावर विश्वास बसणार नाही.

‘क्लासिक रॉक’ हे लेबल अमेरिकन रेडिओवाल्यांनी ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला चिकटवलं. ढोबळमानाने १९६५ ते १९८० या काळातलं गिटारप्रधान संगीत त्यात येतं. त्या आवाजाचं रहस्य म्हणून लोक गिटारची मॉडेलं, केसांची लांबी आणि नशापाणी यावरच बोलत राहतात. खरी गोष्ट त्याहून रुक्ष आहे. तो आवाज बराचसा नाइलाजातून तयार झाला. यंत्रं अपुरी होती, ट्रॅक कमी होते, चूक पुसायची सोय नव्हती. आज यातला एकही नाइलाज उरलेला नाही, आणि नवे बँड तो आपणहून ओढवून घेताहेत.

काचेच्या नळ्या

भाच्याच्या खोलीत एक सेकंडहँड अँप आहे. मागची जाळी काढली की आत काचेच्या नळ्या, म्हणजे व्हॉल्व्ह, दिसतात: करंगळीएवढ्या बारक्या काही, आणि अंगठ्याहून जाड दोन. स्विच लावला तरी आवाज लगेच येत नाही. आतली तार तांबूस व्हायला अर्धं मिनिट जातं, तापलेल्या धुळीचा वास सुटतो आणि मग स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होते. ज्यांच्या घरी आजोबांचा व्हॉल्व्हचा रेडिओ होता त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. तंत्र तेच आहे.

गिटारमधून निघणारा विजेचा संकेत अगदी क्षीण असतो आणि अँपचं काम तो फुगवणं. पण प्रत्येक अँपला एक छत असतं, त्यापलीकडे त्याला फुगवता येत नाही. ट्रान्झिस्टरचं छत काँक्रीटच्या स्लॅबसारखं असतं. लहर वर गेली की डोकं आपटतं, तिचा माथा सपाट कापला जातो आणि त्या कडांमधून कानाला टोचणारे वरचे स्वर बाहेर पडतात. व्हॉल्व्हचं छत ताणलेल्या कापडाचं. लहर वर जाईल तशी दबत जाते आणि तिचा माथा गोलसर राहतो. मूळ स्वराला त्याच्या दुपटीतले, तिपटीतले स्वर आपोआप येऊन चिकटतात आणि आवाज भरतो. तार हलक्या हाताने छेडली तर सूर स्वच्छ निघतो, जोरात ओढली तर गुरगुरतो. म्हणजे अँप हा नुसता भोंगा राहत नाही, तोही वाद्याचाच भाग होतो.

इंजिनिअरच्या हिशेबात हा दोष. साठच्या दशकात अँप बनवणाऱ्यांचा आटापिटा हा दोष घालवण्यासाठीच होता, पण वाजवणाऱ्या पोरांना नेमका तोच आवडला. पश्चिम लंडनमध्ये हॅनवेल इथे जिम मार्शल नावाच्या ड्रमरचं वाद्यांचं दुकान होतं. गिऱ्हाईक अमेरिकन फेंडर अँप मागायचं आणि तो इंग्लंडात महाग पडायचा. म्हणून १९६२ च्या सुमारास मार्शलच्या माणसांनी फेंडरच्या ‘बासमन’ अँपचा नकाशा समोर ठेवून, इंग्लंडात मिळणारे सुटे भाग वापरून तसाच अँप जुळवला. भाग वेगळे, म्हणून आवाज थोडा वेगळा आला. तोच पुढे रॉकचा ‘अस्सल’ आवाज ठरला. अस्सल म्हणून आज जे पूजलं जातं त्याचा जन्मच नकलेतून झालाय, ही गोष्ट पुढे कामाला येईल.

व्हॉल्व्ह गुरगुरायला लागतो तो छताला टेकल्यावर, म्हणजे अँप जवळजवळ पूर्ण आवाजावर असताना. त्या काळात याची अडचण नव्हती. गर्दी वाढत होती आणि सभागृहातले लाऊडस्पीकर कुचकामी होते, त्यामुळे मोठा अँप हाच उपाय होता. ‘द हू’ बँडच्या मंडळींनी हट्ट धरला आणि १९६५ मध्ये मार्शलने शंभर वॅटचा अँप काढला. आता तो फोंड्यातल्या दाटीवाटीच्या वाड्यावर लावून बघा. त्याच्यासमोर मीटर धरला तर काटा शंभर डेसिबलच्या वर सहज जाईल. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवलीय आणि रात्रीची ४५. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायचा नाही. सरकार सूट देऊ शकतं ती वर्षातून फार तर पंधरा दिवस, तीही मध्यरात्रीपर्यंत. गोव्यातला प्रत्येक वादक हे नियम तोंडपाठ म्हणून दाखवेल, कारण नेमकं दहाला पाच कमी असताना गर्दी रंगात आलेली असते.

मग छोटा अँप घ्यावा? इथे आपलं रोजचं गणित फसतं. शंभर वॅटच्या जागी पन्नास वॅट घेतले तर आवाज निम्मा होत नाही, फक्त तीन डेसिबलने उतरतो आणि कानाला ते जेमतेम कळतं. आवाज निम्मा वाटायला ताकद साधारण दहावा हिस्सा करावी लागते. म्हणून आजची पोरं पाच-दहा वॅटचे अँप घेतात, किंवा अँप आणि स्पीकरच्या मध्ये एक डबा बसवतात, जो बहुतेक ताकद उष्णतेत जाळून टाकतो. एवढ्या कष्टाने आवाज तयार करायचा आणि मग त्याची उष्णता करून हवेत सोडायची! पण त्या आवाजाची किंमत हीच आहे.

तिसरा रस्ता संगणकाचा. अँपमध्ये ठरावीक संकेत सोडायचे, दुसऱ्या टोकाने काय बाहेर येतं ते मोजायचं आणि त्या फरकाचं गणित बसवायचं. २०११-१२ पासून अशी यंत्रं बाजारात आहेत. आता न्यूरल नेटवर्कमुळे ते गणित इतकं नेमकं बसतं की रेकॉर्डिंग ऐकून खरा अँप कुठला आणि खोटा कुठला हे सांगणारे थोडेच निघतील. तरी भाच्याचा ड्रमर म्हणतो, अंगावर येत नाही. त्याचं खरंही आहे. चार फुटांवर खरा स्पीकर वाजत असेल तर त्या हवेने गिटारची तारच थरथरत राहते आणि स्वर विझत नाही. हेडफोनमधून तारेला कोण हलवणार?

व्हॉल्व्ह बनवणारे मोठे कारखाने आता मोजकेच उरलेत, मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये. २०२२ मध्ये रशियाने निर्यात रोखली तेव्हा जगभरच्या गिटारवाल्यांची झोप उडाली होती. विजेचाही एक किस्सा आहे. एडी व्हॅन हेलन हा थोर गिटारवादक मुद्दाम एक ट्रान्सफॉर्मर लावून अँपला कमी व्होल्टेज द्यायचा, कारण त्यावर त्याला हवा तो आवाज निघायचा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर ही सोय फुकटात होते.

सा, प आणि न वाजवलेला गंधार

रॉकची गिटार ऐकून ‘दोनच सूर तर वाजवतात’ असं नाक मुरडणारे आमच्याकडे पुष्कळ. ते खरंच दोन सूर असतात: सा आणि प. याला पॉवर कॉर्ड म्हणतात. पण ते दोनच ठेवण्यामागे पक्कं कारण आहे.

अँप छताला टेकलेला असताना त्यात दोन स्वर एकदम घातले तर दोनच बाहेर येत नाहीत. त्यांच्या कंपनसंख्यांची वजाबाकी आणि बेरीज करून नवे स्वर तयार होतात. समजा सा २०० कंपनांचा आहे, तर प ३०० चा. वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. एक गिटार दोन गिटारींएवढी जाड ऐकू येते ती त्यामुळे. बेरीज ५००. तो कुठला स्वर? शंभरच्या पाचपट, म्हणजे शुद्ध गंधार. तंबोरा नीट जुळला की कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला आपण स्वयंभू गंधार म्हणतो, तो हाच. कुठे केरीच्या देवळातला तंबोरा आणि कुठे मार्शलचा अँप! पण दोघांच्या पोटात एकच अंकगणित आहे.

मग गंधारही वाजवून का टाकू नये? कारण गिटारच्या पडद्यांवरचा गंधार त्या नैसर्गिक गंधारापेक्षा किंचित चढा असतो. साध्या वाजवण्यात ते खपून जातं. ओव्हरड्राइव्हमध्ये, म्हणजे अँप छताला टेकलेला असताना, दोन्ही गंधार एकमेकांवर घासतात, बेरजा-वजाबाक्या भलत्याच ठिकाणी पडतात आणि सगळा चिखल होतो. म्हणून गंधार वगळायचा आणि तो हवेतून येऊ द्यायचा.

सोलो म्हणजे एकट्या गिटारचा भाग ऐकताना आपल्याला ओळखीचं काहीतरी वाटत राहतं, त्यालाही कारण आहे. रॉकचे निम्म्याहून अधिक सोलो ज्या पाच स्वरांवर उभे आहेत ते असे: सा, कोमल ग, म, प, कोमल नि. हा आपला धानी. त्यात चुटपुटता तीव्र म लावला की ब्लूजचा स्वरसमूह तयार. याचा अर्थ ते राग धानी गातात असा नाही. चलन वेगळं, न्यास वेगळे, हेतूही वेगळा. पण ज्या पोराच्या कानावर लहानपणापासून धानीची भजनं पडलीत त्याची बोटं गिटारवर लवकर वाट काढतात, हे मी आमच्या घरातच बघतोय.

ब्लूजचा गंधार तर धड कोमल नाही आणि धड शुद्धही नाही. तो दोघांच्या मध्ये कुठेतरी लागतो. पियानोवर तो सापडत नाही. गिटारची तार बोटाने वर ढकलली की सापडतो, म्हणजे मींडच. मिसिसिपीच्या कापूस-शेतांतल्या काळ्या गायकांच्या गळ्यातला हा स्वर १९४३ मध्ये मडी वॉटर्स या गायकाबरोबर शिकागोला गेला, तिथे त्याला वीज जोडली गेली, आणि साठच्या दशकात लंडनच्या गोऱ्या पोरांनी तबकड्या घासघासून तो उचलला. ‘रोलिंग स्टोन्स’ या बँडने तर नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतलं. म्हणजे ज्यांना आपण मूळ मानतो ते स्वतःच पुनरुज्जीवनवाले होते. त्यांच्या आधीची पिढी त्यांच्यावर हसतच होती.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९७७ मध्ये नासाने व्हॉयेजर यानाबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली. तीत भारताकडून एकच गाणं आहे, आमच्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकरांची भैरवी. आणि त्याच तबकडीवर चक बेरी गिटार वाजवतोय. फोंडा तालुका आणि रॉक अँड रोल सूर्यमाला ओलांडून सोबत चाललेत. भाच्याच्या आजीला हे सांगितल्यापासून ती त्याच्या सरावाबद्दल कुरकुर करत नाही.

खोली, टेप आणि हलणारी लय

आवाजाचा निम्मा भाग गिटारच्या बाहेर असतो. ‘लेड झेपेलिन’ने १९७०-७१ मध्ये इंग्लंडातल्या हेडली ग्रेंज या जुन्या वाड्यात रेकॉर्डिंग केलं. जॉन बोनहॅमचा ड्रमसेट त्यांनी जिन्याखालच्या दिवाणखान्यात मांडला आणि वरच्या मजल्याच्या कठड्यावरून दोन मायक्रोफोन खाली सोडले. फक्त दोन! ड्रमच्या प्रत्येक भागाला वेगळा माईक लावायची पद्धत असताना त्यांनी ड्रमपेक्षा खोली रेकॉर्ड केली. तो ठोका इतका भारी आहे की पुढे हिप-हॉपवाल्यांनी तो उचलून वर्षानुवर्षं वापरला. कुणाला पटत नसेल तर चांदरच्या किंवा लोटलीच्या एखाद्या जुन्या घरातल्या उंच दालनात उभं राहून एक टाळी वाजवा, मग स्लॅबच्या फ्लॅटमध्ये वाजवा.

टेपचंही व्हॉल्व्हसारखंच. चुंबकीय फितीवर ठरावीक मर्यादेपलीकडे आवाज भरला की ती त्याला दाबते आणि टोकं गोल करते. आता त्याचीही सॉफ्टवेअरं मिळतात, स्वस्तात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक लयीत आहे, आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. आजचं बहुतेक संगीत कानात टिकटिक लावून वाजवतात. मग संगणकावर प्रत्येक ठोका रेघेवर नेऊन बसवतात. गळा घसरला तर १९९७ पासून ऑटोट्यून आहेच. सत्तरच्या रेकॉर्डिंगमध्ये चार माणसं एका खोलीत एकमेकांकडे बघत वाजवत होती. ध्रुवपद आलं की लय थोडी पुढे सरायची, कडव्यात मागे बसायची, ड्रमर गिटारच्या किंचित मागे राहून वजन द्यायचा. चवथीला घुमट, शामेळ आणि कांसाळ्यांवर आरती चढत जाते तेव्हा शेवटच्या कडव्याची लय कोण ठरवतं? कुणीच नाही, ती सगळ्यांची मिळून चढते. त्या आरतीला टिकटिक लावली तर देव उठून जाईल.

आमच्या पोरांना पहिल्यांदा टिकटिकीशिवाय वाजवायला सांगितलं तेव्हा दोन मिनिटांत गाणं दुडक्या चालीवरून पळत सुटलं होतं. तो वेग आवरणं ही खरी तालीम, आणि ती विकत मिळत नाही.

आत्ताच का?

याला एकच कारण देणाऱ्याचं मी फारसं ऐकत नाही. एक तर गाण्याचं दुकान बदललं. कॅसेटच्या काळात जुना माल मागे ढकलला जायचा, स्ट्रीमिंगमध्ये १९७१ आणि कालचा शुक्रवार एकाच फळीवर शेजारी असतात. अमेरिकेत २०२२ च्या सुमारास ऐकल्या जाणाऱ्या संगीतापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक दीड वर्षापेक्षा जुनं होतं. पंधरा वर्षांच्या पोराच्या लेखी ते जुनं नसतंच, त्याने ते आज पहिल्यांदा ऐकलेलं असतं. तबकड्याही परतल्या: २०२० मध्ये अमेरिकेत त्यांची उलाढाल १९८६ नंतर पहिल्यांदाच सीडीच्या वर गेली. टाळेबंदीत घरी अडकलेल्या लोकांनी गिटारी घेतल्या, फेंडरला ते वर्ष विक्रमी गेलं. त्यातल्या निम्म्या आता कपाटावर असतील, पण उरलेल्या वाजताहेत. पूर्वी एक सोलो उतरवायला कॅसेट शंभरदा मागे फिरवायला लागायची, आता यूट्यूबवर बोटं जवळून दाखवतात.

आणि मूळ मंडळी निघाली. ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅममध्ये ऑझी ऑस्बॉर्नने ‘ब्लॅक सॅबथ’बरोबर शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला तो गेला. खुर्च्या रिकाम्या होताहेत, आणि रिकाम्या खुर्चीवर डोळा ठेवणं हे कुठल्याही क्षेत्रातल्या तरुणांचं कामच आहे.

गोव्याची गोष्ट मात्र थोडी निराळी. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेल्या गोंयकार वादकांनी मुंबईच्या सिनेमाचे वाद्यवृंद चालवले हे सर्वांना ठाऊक आहे. सत्तरच्या दशकात हणजुण्याला हिप्पी आले ते गिटारी आणि तबकड्या घेऊन. तिथल्या पार्ट्यांत आधी रॉकच वाजायचा, इलेक्ट्रॉनिक ट्रान्स नंतर ऐंशीच्या दशकात आला आणि नाव कमावून गेला. शिवोलीच्या रेमो फर्नांडिसने १९८४ मध्ये पहिला अल्बम घरच्या घरी चार ट्रॅकच्या यंत्रावर, सगळी वाद्यं स्वतः वाजवून केला आणि कॅसेटी स्कूटरवरून दुकानोदुकानी पोचवल्या. विषय गोव्याचे, भाषा इंग्रजी, साधनं तुटपुंजी. आजच्या पोरांनी लंडनकडे बघण्याआधी शिवोलीकडे बघावं असं मी म्हणतो, ते ऐकत नाहीत.

नक्कल की घराणं?

‘ग्रेटा व्हॅन फ्लीट’वर पहिल्या दिवसापासून एकच आरोप आहे: हे दुसरे ‘लेड झेपेलिन’. खुद्द झेपेलिनच्या रॉबर्ट प्लांटने तसं म्हटलं, पण हसून. समीक्षकांनी तर त्यांना फाडून खाल्लं. मला स्वतःला त्यांच्या सुरुवातीच्या गाण्यांत गायक कमी आणि वेशभूषा जास्त ऐकू येते, पण गुन्हा म्हणावा असं त्यात काही नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही नाही. कॉपीराइट चालीला असतो, शब्दांना असतो, रेकॉर्डिंगला असतो. शैलीला किंवा गिटारच्या गुरगुरीला नसतो. खुद्द झेपेलिनने ब्लूजवाल्यांकडून इतकं उचललं होतं की विली डिक्सनशी त्यांना १९८७ मध्ये कोर्टाबाहेर तडजोड करावी लागली. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या सुरुवातीवरचा खटला मात्र ते २०२० मध्ये अपिलातही जिंकले. त्या खटल्यात वाद होता तो उतरत्या स्वरांच्या एका जुन्या सरधोपट वाटेवरून, जी कुणा एकाची मालकी नव्हे. उलट गायक मार्विन गेच्या वारसांनी २०१५ मध्ये जिंकलेल्या ‘ब्लर्ड लाइन्स’ या गाण्यावरच्या खटल्याने संगीतकार धास्तावले, कारण तिथे चालीपेक्षा एकूण ‘बाज’च चोरल्याचं ज्यूरीला पटलं असं अनेकांना वाटलं. रेघ अजूनही पुसट आहे.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटलेला आहे. शिष्य गुरूसारखा गातो याबद्दल त्याला कुणी कोर्टात नेत नाही. केसरबाई अल्लादियाखाँसाहेबांची तालीम घेऊन गायल्या, मोगूबाई कुर्डीकरही त्यांच्याकडेच शिकल्या, आणि दोघींचं गाणं एकमेकींपासून ओळखता येतं. तिथे घ्यायचं असतं ते स्वर लावण्याचं आणि लयीशी खेळण्याचं कसब. गुरूचा खोकलाही उचलणारे शिष्य असतात, त्यांची मैफलीनंतर टिंगल होते.

रॉकमध्ये खोकला उचलणं सोपं झालंय, हाच आजचा पेच. २०२५ च्या उन्हाळ्यात ‘द व्हेल्वेट सनडाउन’ नावाचा बँड स्पॉटिफायवर आला. सत्तरच्या धाटणीचा मवाळ, धुरकट रॉक. काही आठवड्यांत महिन्याचे दहा लाखांहून अधिक श्रोते. मग उघड झालं की संगीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं आहे. यंत्राने त्या काळाच्या आवाजाचा पोत बरोबर उचलला होता: टेपची ऊब, खोलीची घुमणी, सगळं. ऐकताना मला एकच खटकलं. त्यातला ड्रमर कधीच काही ठरवत नव्हता.

म्हणून नवा बँड ऐकताना माझं लक्ष गिटारवर नसतं. तो आवाज आता कुणालाही मिळतो. मी ड्रम आणि बास ऐकतो: ध्रुवपदाच्या तोंडाशी ते दोघं एकत्र झुकतात का, गायक ओळ लांबवतो तेव्हा ते त्याच्यासाठी थांबतात का, तिसऱ्या कडव्यात पहिल्यापेक्षा वेगळं काही घडतं का. ‘रायव्हल सन्स’मध्ये हे ऐकू येतं. भाच्याच्या बँडमध्ये अधूनमधून येतं.

सध्या त्यांना मोरजीच्या एका शॅकवर शनिवार मिळालाय. अट अशी, की जुनी ओळखीची गाणी वाजवायची आणि स्वतःची फक्त दोन, तीही साडेनऊच्या आधी, कारण शेवटच्या अर्ध्या तासात गिऱ्हाइकाला सोबत गाता येईल असंच हवं असतं. पोरांनी त्यावर तोडगा काढलाय. स्वतःचं गाणं ते न सांगता मध्येच घुसवतात. परवा एका पाहुण्याने येऊन विचारलं, हे कुठल्या सालातलं? ड्रमरने शांतपणे सांगितलं, मार्चमधलं.